48 व्होल्टचा दलाल

इंजिन 5.7 लिटरचं, व्ही-8. ताकद 395 हॉर्सपॉवर. मागे पावणेसहा टनांपर्यंतचा ट्रेलर ओढेल, अशी कंपनीची ग्वाही. स्टिअरिंगच्या मधोमध शिंगं वळवलेल्या मेंढ्याचं डोकं. असा हा गडी टेक्ससमधल्या कुठल्याशा हार्डवेअरच्या दुकानासमोर उभा आहे, पाठीवर सिमेंटच्या गोण्या आहेत, पेट्रोलची टाकी भरलेली आहे आणि तो जागचा हलत नाही. इंजिनाला काहीही झालेलं नाही. गिअरबॉक्स ठणठणीत आहे. हटून बसलाय तो मागच्या सीटच्या पाठीमागचा डबा, नाहीतर त्या डब्याचा हिशेब सांभाळणारा आणखी एक डबा.

त्या डब्यात वीज किती मावते? 430 वॉट-तास. महावितरणच्या बिलात जो ‘युनिट’ असतो ना, तो अर्धासुद्धा नाही. एक हजार वॉटची इस्त्री त्यावर पंचवीसेक मिनिटं चालेल. सगळ्या घराचे कपडेसुद्धा होणार नाहीत. पण अडीच टनांच्या घरात जाणारा ट्रक या डब्याच्या भरवशावर.

ही गोष्ट रॅम 1500 या अमेरिकन पिकअपची. 2019 च्या मॉडेलपासून तिच्यात ‘ई-टॉर्क’ नावाची व्यवस्था आली. व्ही-6 इंजिन घेतलंत तर सक्तीची, व्ही-8 ‘हेमी’ घेतलंत तर मर्जीची. त्या वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन ट्रक ऑफ द इयर’ हा मानही याच गाडीला मिळाला. पुरस्कार देणारे पत्रकार गाडी काही दिवस चालवतात आणि परत देतात. कंत्राटदाराला ती परत देता येत नाही, हप्ते चालू असतात.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. आपल्या साध्या गाडीत अल्टरनेटर असतो; आमच्या भागातले मिस्त्री त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो, 12 व्होल्टची बॅटरी भरतो, गेला तर पडेल त्या गावात दुरुस्त होतो. ई-टॉर्कवाल्यांनी हा डायनॅमो काढून टाकला. त्याच्या जागी पट्ट्यावरच मोटर बसवली, जी जनरेटरही आहे. ब्रेक मारला की ती वीज बनवते आणि 48 व्होल्टच्या लिथियम बॅटरीत टाकते. ॲक्सिलरेटर दाबला की तीच वीज परत घेऊन ती इंजिनाला क्षणभर हात देते. हेमीमध्ये हा हात 176 न्यूटन-मीटरपर्यंतचा असतो, म्हणजे तसा दांडगाच. सिग्नलला इंजिन बंद होतं, पाय उचलला की बिनआवाजी चालू होतं. नुसत्या विजेवर गाडी एक फूटही चालत नाही. तरीही ती हायब्रिड. ‘माइल्ड’ हायब्रिड.

इथपर्यंत ठीक. पण ट्रकमधलं बाकी सगळं जग जुन्या 12 व्होल्टवरच राहिलं. दिवे, हॉर्न, वायपर, पेट्रोलचा पंप, दाराची कुलपं, विजेवर चालणारं स्टिअरिंग, ॲन्टीलॉक ब्रेकचा मेंदू आणि समोरचा तो 12 इंची टीव्ही, सगळे 12 चे. डायनॅमो तर काढून टाकलेला. मग या सगळ्यांच्या पोटाला घालायचं कोणी? त्यासाठी मध्ये एक डबा बसवला: डीसी-डीसी कन्व्हर्टर. तो 48 कडून माल उचलतो आणि 12 च्या बाजाराला पुरवतो. शेतकरी आहे, गिऱ्हाईक आहे, मध्ये दलाल आहे. आणि या बाजारात दलाल एकच आहे.

दलालाला फुकट बदनाम करू नये, त्याच्या जन्माला कारण आहे. तीन किलोवॉट वीज 12 व्होल्टवर न्यायची तर 250 अँपिअर करंट लागतो. एवढा करंट म्हणजे अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल आणि तापलेली टर्मिनलं. तीच वीज 48 वर न्या, 62-63 अँपिअरमध्ये काम होतं. मग 100 का नाही, 200 का नाही? कारण 60 व्होल्ट डीसीच्या वर गेलं की ते माणसाला धोक्याचं मानतात. मग नारिंगी केबल, खास कनेक्टर, रबरी हातमोजे आणि त्यासाठी शिकवलेला मेकॅनिक, हा सगळा जामानिमा आला. 48 म्हणजे नियमाच्या रेषेच्या अलीकडे उभं राहून मिळवलेली जास्तीत जास्त सोय. हिशेबनीसाचा आकडा आहे, इंजिनिअरनेही आनंदाने मान डोलावलेला.

तर दलाल बसला. म्हणजे काय होतं?

इंजिन चालूच असतं. ड्रायव्हरला पहिल्यांदा काही कळत नाही. चालू इंजिनावर मल्टिमीटरची दोन टोकं 12 च्या बॅटरीला लावली तर आकडा 14 च्या आसपास दिसायला हवा. इथे तो 12.4 दिसतो, मग 12.2, मग 11.9. बॅटरी एकटीच सगळं घर चालवत असते आणि उतरत असते. मग समोरच्या पडद्यावर एकेक पाटी यायला लागते. स्टिअरिंगची सर्व्हिस करा. ब्रेक तपासा. चार्जिंग तपासा. टीव्ही स्वतःच बंद होऊन स्वतःच चालू होतो. ड्रायव्हरला वाटतं सगळी गाडीच एकदम आजारी पडली. शेवटी इंजिनाच्या काँप्युटरलाच पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि 395 घोडे एकदम गुडघ्यावर येतात.

आता खरी मजा. शेजारचा भला माणूस जंप केबल घेऊन येतो. ती 12 ची. तिने 12 ची बाजू जागी होते, गाडी कदाचित चालूही होते, पण दलाल संपावरच असल्यामुळे पुन्हा तेच. टोइंगवाला येतो. गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायची तर गिअरचा दांडा नाहीच. त्या जागी टीव्हीच्या आवाजाचं असतं तसं गोल बटण. त्याला वीज लागते. हँडब्रेकही विजेचा. मग तो स्टिअरिंगखाली वाकतो, छोटं झाकण उघडतो, आतला पट्टा ओढून गाडी पार्किंगच्या कुलपातून मोकळी करतो. मालक उभा राहून बघतो. गाडीची जाडजूड माहितीपुस्तिका त्याने तोवर उघडलेली नसते, आणि हा पट्टा आपल्या गाडीत आहे हे त्याला पहिल्यांदा टोइंगवाल्याकडून कळतं.

डीलरच्या वर्कशॉपमध्ये पुढचा अंक. स्कॅनर लावतात. अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक नव्या गाडीला ठरावीक सॉकेट आणि ठरावीक भाषेतले कोड बंधनकारक आहेत. पी म्हणजे इंजिन-गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी आणि यू म्हणजे आपापसातलं बोलणं. गाडीतले डझनावारी काँप्युटर एकाच तारेवर गप्पा मारतात; ती पद्धत बॉश कंपनीने 1986 मध्ये आणली. व्होल्टेज पडलं की यातला एकेक काँप्युटर अर्धवट झोपेत जातो आणि बाकीचे त्याच्या नावाने तक्रार नोंदवतात: इंजिनवाला बोलत नाही, ब्रेकवाला बोलत नाही, स्टिअरिंगवाला उत्तर देत नाही. स्कॅनरवर वीस-वीस कोड. मुळात अडलंय एका ठिकाणी. पण कोडच्या यादीकडे बघून पार्ट बदलणारा मेकॅनिक असला की आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पहिल्यांदा 12 ची बॅटरी बदला. नाही झालं? 48 ची मागवा, ती येईपर्यंत थांबा. तीही बदलली? कन्व्हर्टर बदलून बघू. आणि अखेरीस कुठल्या तरी कोपऱ्यात चासीला धरलेली अर्थिंगची तार ढिली निघते.

आमच्याकडचा जुना वायरिंगवाला हातात इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब घेऊन यायचा. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई. अर्थिंग बघ, फ्यूज बघ, मग पुढे. कोड वाचायच्या आधी तार ओढून बघायची त्याला सवय होती. ही सवय स्कॅनरमध्ये टाकता आली तर जगभरच्या वर्कशॉपचा अर्धा वेळ वाचेल. हा आमचा अंदाज आहे, शोधनिबंध नाही.

अर्थिंगचं म्हणाल तर त्यात श्रीमंत-गरीब भेद नाही. 2024 च्या सुरुवातीला मर्सिडीज-बेंझने एकट्या अमेरिकेतल्या लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या. कारण, 48 व्होल्टच्या अर्थिंगच्या तारेचा जोड कारखान्यात नीट आवळलेला नसण्याची शक्यता. ढिला जोड तापतो, तापलेला जोड पेटतो. कोटीच्या घरातली गाडी, आणि घोडं अडलं ते न आवळलेल्या जोडावर. तो आवळायला जर्मनीचं सगळं अभियांत्रिकी लागत नाही, पाना लागतो.

रॅमचं सरकारदरबारी गाजलेलं प्रकरण जरा वेगळं आहे. 2023 मध्ये कंपनीने 2021 च्या सुमारे 1 लाख 31 हजार 700 रॅम 1500 परत बोलावल्या, सगळ्या 5.7 लिटर हेमी ई-टॉर्कवाल्या. दोष असा नोंदवला गेला: पेट्रोलचं मिश्रण वाजवीपेक्षा दाट होतं, त्यात इंजिनाच्या दांड्याला पुरेसा रेटा मिळत नाही, आणि इंजिन चालता चालता बंद पडू शकतं. चालता चालता, म्हणजे हायवेवरसुद्धा. उपाय? सॉफ्टवेअर. गाडी आणा, लॅपटॉप जोडू, नवा प्रोग्रॅम भरू, घेऊन जा. मग 2022 च्या गाड्यांचेही मालक तशाच तक्रारी घेऊन गेले आणि अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने, म्हणजे नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनने, त्यांचीही चौकशी उघडली.

यात बिघाड विजेचा की पेट्रोलचा, असा वाद घालणारे घालतात. आम्हाला तो वाद निरर्थक वाटतो. पूर्वी इंजिन आणि वीज यांच्या चुली वेगळ्या होत्या. इंजिनाचं दुखणं इंजिनवाला बघायचा, विजेचं वायरिंगवाला. आता दोघं एकाच पट्ट्याला बांधलेत आणि दोघांचा लगाम एका प्रोग्रॅमच्या हातात आहे. सिग्नलला इंजिन मुद्दाम बंद करायचं आणि हायवेवर चुकूनही करायचं नाही, हे दोन्ही त्यानेच सांभाळायचं.

बरं, एवढं सगळं कशासाठी? अमेरिकन सरकारच्या आकड्यांनुसार 2019 च्या हेमी रॅमचं दोन चाकांवर चालणारं साधं मॉडेल गॅलनला 17 मैल देतं आणि ई-टॉर्कवालं 19. आपल्या हिशेबात लिटरला साधारण 7.2 किलोमीटरवरून 8.1. वर्षाला पंधरा हजार मैल गाडी चालवली तर 93 गॅलन पेट्रोल वाचतं. गॅलनला तीन डॉलर धरले तर वर्षाला 280 डॉलर. महिन्याला तेवीस-चोवीस. एक दिवस ट्रक टोइंग करून न्यावा लागला, त्या दिवसाचं काम बुडालं आणि मजुरांना घरी पाठवावं लागलं, की वर्षाची बचत त्या एका दिवसातच गेली.

मालकाला तेवीस डॉलर, मग कंपनीला काय? कंपनीला ते दोन मैल फार मोलाचे. अमेरिकेत प्रत्येक कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी मायलेजचा सरकारी नियम आहे. एका गाडीवर दोन मैल म्हणजे काहीच नाही. वर्षाला काही लाख पिकअप विकणाऱ्या कंपनीच्या सरासरीत मात्र तो दंड आणि माफी यांमधला फरक ठरू शकायचा. सिग्नलला इंजिन बंद करण्याच्या सोयीसाठी तर वेगळे गुणही मिळायचे. म्हणजे परीक्षा कंपनीची, पास कंपनी झाली, आणि गाईड मालकाने स्वतःच्या पैशाने विकत घेतलं.

आता या नाटकात सरकारचा प्रवेश बघा. 2025 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनी जाहीर करून टाकलं की सिग्नलला इंजिन बंद करणारी ही भानगड कोणालाच आवडत नाही, गाडी दर लाल दिव्याला मरते ती कंपनीला हवामानाचं शाबासकीपत्र मिळावं म्हणून, आणि आम्ही याचा बंदोबस्त करतोय. दोन महिन्यांत, 4 जुलैला सही झालेल्या ट्रम्प यांच्या अवाढव्य कायद्याने मायलेजचा नियम मोडल्याबद्दलचा दंड शून्य करून टाकला. नियम आहे, दंड नाही. ही कल्पना अमेरिकेने कोणाकडून उचलली, ते आम्ही इथे विचारणार नाही.

याच दिवसांत रॅमने आपली सगळ्यात गमतीची खेळी केली. 2025 च्या मॉडेलमधून कंपनीने हेमी व्ही-8 काढून टाकलं होतं आणि सहा सिलिंडरचं नवं ‘हरिकेन’ दिलं होतं. गिऱ्हाईक भडकलं. जून 2025 मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुनिस्किस यांनी चूक कबूल केली आणि 2026 च्या मॉडेलमध्ये हेमी परत आणलं. वर गाडीच्या अंगावर निषेधाचं खास चिन्ह लावलं: इंजिनातून डोकं बाहेर काढलेला मेंढा, नाव ‘सिम्बॉल ऑफ प्रोटेस्ट’. चोवीस तासांत दहा हजारांवर ऑर्डर आल्याचं कंपनीने सांगितलं. निषेध कसला? नियमांचा, काटकसरीचा, इंजिनं छोटी करणाऱ्यांचा. आणि या निषेधाच्या व्ही-8 ला जोडून काय आलं? ई-टॉर्क. दलालासकट. मोर्चा काढायला सरकारी बस मागवल्याचं आमच्या तालुक्याने पाहिलंय, त्यामुळे आम्हाला नवल वाटलं नाही.

खरं तर पिकअपमध्ये वीज घालायची कल्पना मुळात वाईट नव्हती. जनरल मोटर्सने 2004 च्या मॉडेलपासून शेवरोलेच्या सिल्वराडो पिकअपची हायब्रिड आवृत्ती काढली होती. तिची जात आजच्या माइल्ड हायब्रिडचीच. बॅटरी मात्र शिसं-ॲसिडची, 42 व्होल्टची, मागच्या सीटखाली. तेव्हा 12 च्या जागी 42 हेच जगाचं नवं माप होणार असं मोठमोठ्या कंपन्यांचं आणि एमआयटीचं ठरत होतं. ते बारगळलं. सिल्वराडोचं मायलेज काही डोळे दिपवणारं नव्हतं, गाड्या थोड्याच विकल्या गेल्या आणि प्रकरण मिटलं. पण त्या गाडीत एक गोष्ट शहाणपणाची होती. तिच्यात 120 व्होल्टचे चार सॉकेट होते, घरातल्यासारखे, मिळून 2,400 वॉटचे. इमारतीच्या कामावर वीज नसेल तर करवत लावा, ड्रिल लावा, कॉम्प्रेसर लावा. वादळात घराची वीज गेली तर फ्रिज लावा. वीज कशासाठी घातली ते गाडी घेणाऱ्या सुताराला सांगावं लागत नव्हतं. प्लग घालून बघितला की कळायचं.

आजच्या ई-टॉर्कचा फायदा मालकाला समजावून सांगावा लागतो आणि तोटा आपोआप समजतो. आमची तक्रार आहे ती एवढीच.

टेस्लावाल्यांनी दुसरं टोक गाठलं. 2023 च्या अखेरीस आलेल्या सायबरट्रकमध्ये त्यांनी गाडीच्या आतली बरीचशी यंत्रणाच 48 व्होल्टवर नेली. तत्त्व म्हणून हे पटतं. बाजारच नव्या भावाने चालला तर दलालाचं काम कमी. पुढच्याच वर्षी 11,688 सायबरट्रक परत बोलवावे लागले, कारण वायपरची मोटर जादा करंटने निकामी होऊ शकत होती. म्हणजे पाऊस आला की भविष्यकाळ दिसेनासा.

उंदरांचाही उल्लेख व्हायला हवा, नाहीतर ते रागावतील. नव्या गाड्यांच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला माल असतो म्हणून उंदीर त्या आवडीने खातात, असा दावा करत अमेरिकेत मालक कोर्टात गेलेत. खाण्याचं खरं कारण काहीही असो, होंडा कंपनी वायरींना गुंडाळायला एक टेप विकते, तिच्यात मिरचीचा तिखटपणा मिसळलेला असतो. जपानी कंपनी, अमेरिकन उंदीर आणि औषध आपल्या आजीचं. 48 व्होल्ट असो की 12, दात सगळ्यांना सारखेच.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या पिकअपचं रडगाणं आम्हाला का ऐकवता? तर डॅलस-ह्यूस्टनकडची आपली मंडळी हौसेने पिकअप घेतात, गणेशोत्सवाच्या मखरापासून खुर्च्यांपर्यंत मंडळाचं सगळं सामान तिच्यातूनच जातं. त्यांच्या हाताशी निदान कायदा आहे. नवी गाडी पुन्हापुन्हा तोच बिघाड दाखवत राहिली तर कंपनीने बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असा ‘लेमन लॉ’ कनेक्टिकट राज्याने 1982 मध्ये केला आणि मग बाकीच्या राज्यांनी. शिवाय गाडीचा 17 अक्षरी नंबर रस्ता-सुरक्षा खात्याच्या पानावर टाकला की तिच्या नावावर रिकॉल थकलाय का ते लगेच दिसतं. आपल्याकडे असा लेमन लॉ नाही. लिंबू आहे, ते आपण नव्या गाडीच्या चाकाखाली चिरडतो. बाकी ग्राहक आयोग आहे आणि तारखा आहेत. एप्रिल 2021 पासून सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याची तरतूद मात्र आपल्याही नियमांत आली आहे, कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची.

माइल्ड हायब्रिड आपल्याला नवा नाही. 2015 मध्ये मारुतीने सियाझ आणि एर्टिगाच्या डिझेल गाड्यांना ‘एसएचव्हीएस’ नावाची असली व्यवस्था जोडली, 12 व्होल्टवरचीच. विजेवर एक मीटर न चालणाऱ्या त्या गाड्यांना केंद्राच्या ‘फेम’ योजनेतून विजेच्या वाहनांची सबसिडी मिळाली. दोन वर्षांनी सरकारच्या लक्षात आलं आणि 2017 मध्ये माइल्ड हायब्रिडला योजनेतून वगळलं. सबसिडी गेली, तसा शब्दही जाहिरातीतून हळूहळू बारीक झाला.

आता तो मोठा होऊन आलाय. टोयोटाने हायलक्स पिकअपच्या 2.8 लिटर डिझेल इंजिनाला 48 व्होल्टची जोड दिली आणि 2024 पासून ती युरोप-ऑस्ट्रेलियात विकली. पट्ट्यावरची मोटर 65 न्यूटन-मीटरची, बॅटरी साडेसात किलोच्या आसपास, मागच्या सीटखाली; पाण्यातून जायची 700 मिलिमीटरची क्षमता कायम ठेवल्याचं कंपनी आवर्जून सांगते. तीच जोडी जून 2025 मध्ये भारतात आली ती फॉर्च्युनरमधून, ‘निओ ड्राइव्ह’ नावाने, शोरूमचा तेव्हाचा भाव 44 लाख 72 हजारांपासून. टोयोटाच्या या व्यवस्थेवर रॅमसारखा आरोप आम्ही करत नाही. पण बांधणीची तऱ्हा तीच: पट्ट्यावर मोटर-जनरेटर, 48 ची बॅटरी आणि 12 ला पुरवठा करणारा कन्व्हर्टर.

आणि फॉर्च्युनर आपल्याकडे कोणाच्या दारात उभी असते, हे महाराष्ट्रात सांगायला नको. गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी ती ॲक्सेसरीजच्या दुकानात जाते. पुढे एलईडीचा पट्टा, जाळीत लाल-निळे फ्लॅशर, आत हूटर, डिकीत वूफर. दुकानातला पोरगा सीटखालची पहिली जाडशी वायर पकडतो, ब्लेडने सोलतो, पिळतो, वर काळी टेप गुंडाळतो. डायनॅमोच्या जमान्यात फ्यूज उडायचा, पन्नास रुपयांत भागायचं. आता त्या वायरीच्या मागे डझनावारी काँप्युटरांचा संसार आहे आणि एकच दलाल. कोकणात तर खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड धरते ती वेगळीच. सभेला निघालेले साहेब घाटात उभे राहिले तर विरोधकांचं कारस्थान म्हणू नये. आधी टेप काढून बघावी.

तेव्हा असली गाडी घेणार असाल तर बुकिंगच्या आधी सेल्समनकडून तीन गोष्टी लेखी घ्या. 48 ची बॅटरी आणि कन्व्हर्टर यांची वॉरंटी किती वर्षं, ती वॉरंटी बाहेर बसवलेल्या हूटरने जाते की राहते, आणि कन्व्हर्टर गेला तर पार्ट पुण्यात पडून आहे की परदेशातून येणार. सनरूफचं त्याला विचारू नका, ते तो न विचारताही दाखवेल. आणि डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटून झाले की वर्कशॉपच्या बाजूला जाऊन तिथल्या इलेक्ट्रिशियनचा नंबर घ्या.